तिनाच्या दोन, साताच्या बारा : नेमबाजांच्या रायफलींची पार्श्वभूमी

शस्त्र परवान्याच्या अर्जात हत्यार कशासाठी हवे ते सांगावे लागते. स्वसंरक्षण चालते, शेतसंरक्षण चालते, नेमबाजी चालते. ‘जुन्या रायफली जमवायला आवडतात’ असे लिहून कोणाला परवाना मिळाल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. आपल्याकडे हा छंद वाढला तो नेमबाजीच्या आडोशाने. आजचे नियम इतके गुंतागुंतीचे का झाले, याचे मूळही तिथेच आहे.

१८७८ च्या, इंग्रजांच्या शस्त्र कायद्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो नियमांसह लागू झाला. देशपातळीवरची रायफल संघटना त्याच्याही आधीची, १९५१ ची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर, मूळचे कोकणातले मराठी गृहस्थ, हेच तिचेही पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेआधीची जी पात्रता स्पर्धा होते, ती आजही त्यांच्याच नावाने भरते. त्या काळी नेमबाज आणि शिकारी यांच्यात फारसा भेद नव्हता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो करून दिला. शिकार थांबली, रायफली घरातच राहिल्या. कोकणात शेतसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकांचे चालू राहिले, पण लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांना आता कागदी टार्गेटशिवाय गत्यंतर नव्हते.

या रायफलींमधली एक खास देशी आहे : थ्री-वन-फाइव्ह, म्हणजे .३१५. बोल्ट ओढून पाहिला तर हाताला थेट जुन्या लष्करी थ्री-नॉट-थ्रीची आठवण होते, कारण घडण त्याच वळणाची आहे. मग बोअर, म्हणजे नळीचे माप, वेगळे का? तर लष्कराचे काडतूस ज्यात बसते आणि उडते ते हत्यार सामान्य माणसाला वर्ज्य. ‘प्रोहिबिटेड बोअर’ ऐकून पुष्कळांना वाटते की नळी रुंद म्हणून बंदी असेल. प्रश्न रुंदीचा नसून काडतुसाचा आहे. म्हणून बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ काढली आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीत होऊ लागली. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे ठोकलेली असतात, ती खडकीचीच.

१९८३ पर्यंत एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात याला कायद्यात आकडाच नव्हता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो तीनवर आणला, आणि त्याच कलमात एक पळवाट म्हणा, सोय म्हणा, ठेवली : मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद सरावासाठी पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल, किंवा एअर रायफल वापरत असेल, तर तिला तीनची मर्यादा लागू नाही. पुढे काही वर्षांतच खासगी आयात जवळजवळ बंद झाली. परदेशी बनावटीच्या जुन्या रायफलींचे भाव चढले ते तेव्हापासून. जर्मन मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेची, नवी मागवायची तर आता तुम्ही ‘कोणीतरी’ असायला हवे होते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, याचे कायदेशीर नाव ‘रिनाउन्ड शॉट’. मराठीत कोणी नामवंत नेमबाज म्हणतात, कोणी ख्यातनाम. इथला ‘शॉट’ म्हणजे झाडलेली गोळी नव्हे, झाडणारा माणूस. जुन्या इंग्रजी वळणाचा शब्द आहे. रेंजवर मात्र ‘तो यंदा रिनाउन्ड झाला’ असे बिनधास्त बोलतात, जणू दहावी पास झाला. आणि खरोखर ते तसेच आहे. नामवंत व्हायला नाव लागत नाही, गुण लागतात. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खुल्या गटात ठरावीक किमान गुण मिळवले की तुम्ही त्या प्रकारात रिनाउन्ड. २०१६ च्या नव्या शस्त्र नियमांनी ही व्याख्या नीट बांधून घेतली आणि तिच्या खाली आणखी दोन पायऱ्या ठेवल्या : ‘अ‍ॅस्पायरिंग शूटर’ आणि ‘ज्युनिअर टार्गेट शूटर’. ज्याच्याकडे उत्तम रायफल नाही त्याने गुण कुठल्या रायफलने मिळवायचे, हा प्रश्न रेंजवरच्या चहाच्या टेबलावर कायमचा आहे. उत्तर असते, क्लबच्या किंवा उसन्या.

खरा वाद पेटला तो २०१९ च्या अखेरीस. नोव्हेंबरमध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात माणशी बंदुकांची मर्यादा तीनवरून थेट एकवर आणली होती. रोख बेकायदा हत्यारांवर आणि लग्नातल्या हवेतल्या गोळीबारावर असल्याचे सांगितले गेले, शिक्षाही वाढवल्या. परवान्याची तिसरी बंदूक काढून घेतल्याने बेकायदा कट्टे कसे कमी होणार, हे मात्र पटेल असे कोणी समजावले नाही. पंजाबच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी, जे स्वतः माजी लष्करी अधिकारी, केंद्राला पत्र लिहून तीनच राहू द्या असे सुचवले. राष्ट्रीय रायफल संघटनेचे त्यावेळचे अध्यक्ष त्यांचेच चिरंजीव होते, हेही नोंदवून ठेवायला हवे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विधेयक मंजूर झाले तेव्हा आकडा दोनवर स्थिरावला होता. वारसाने आलेल्या बंदुकाही त्याच दोनात मोजायच्या. १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा लागू झाला. जास्तीचे हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचे, आणि ती मुदत संपल्यावर ९० दिवसांत त्याचा परवाना रद्द व्हायचा.

त्याच दुरुस्तीने क्लबच्या सभासदांची सोय उलट वाढवली. पॉइंट टू-टूऐवजी सरावासाठी कोणतेही हत्यार चालेल असे झाले. आणि दोनच महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने नेमबाजांची मर्यादाही वाढली. एका प्रकारात रिनाउन्ड असाल तर नेमबाज म्हणून मिळणारी सवलतीतली हत्यारे चाराऐवजी आठ, दोन प्रकारांत सातऐवजी दहा, दोनहून जास्त प्रकारांत सातऐवजी बारा. ज्युनिअर आणि अ‍ॅस्पायरिंग यांना एकाऐवजी दोन. शिवाय सामान्य नागरिक म्हणून मिळणाऱ्या दोन वेगळ्याच. काडतुसांचा कोटाही वाढला. ‘क्युरिओ’, म्हणजे संग्राह्य वस्तू, या सदरात मोडणारी जुनी हत्यारे नुसती बाळगायला परवाना नको, हेही तेव्हाच स्पष्ट झाले. पण ती वापरायची किंवा नुसती इकडून तिकडे न्यायची तरी परवाना हवाच.

म्हणजे तीन महिन्यांच्या आत एकाच देशात एकाच्या तीन बंदुकांच्या दोन झाल्या आणि दुसऱ्याच्या सातच्या बारा. मधला फरक फक्त गुणपत्रिकेचा. बाराचा हक्कदार खेळाडूच आहे आणि त्याला त्या लागतातही. प्रोनला, म्हणजे पालथे पडून झाडायच्या प्रकाराला एक, तीन पवित्र्यांच्या थ्री पोझिशनला एक, ३०० मीटरला वेगळी. पण रविवारी सकाळी पन्नास मीटरवर साठ गोळ्या झाडून घरी जाणारा, रायफल जपून ठेवणारा, तिचा इतिहास सांगणारा माणूस या हिशेबात कुठेच येत नाही.

दहा मीटरच्या एअर रायफलला हे सगळे लागू नाही. बोअर ४.५ मिमी आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असली की परवाना नको, म्हणून आपल्याकडची बहुतेक मुले तिथूनच सुरू करतात. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायला शिकतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने मात्र २०१० ला म्युनिकमध्ये जे विश्वविजेतेपद आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये जे ऑलिम्पिक कांस्य आणले, ती दोन्ही पन्नास मीटरची, परवान्याच्या पॉइंट टू-टूची.

आमच्या क्लबातले एक काका त्या २०२० मध्ये अडकले होते. बारा बोअर वडिलांची, .३१५ स्वतःच्या तरुणपणातली, आणि सरावाची पॉइंट टू-टू. क्लबचे सभासद म्हणून तिसरी मोजायची नाही, असे ते सांगत राहिले. जिल्ह्याच्या कार्यालयातला लिपिक पुस्तिकेवरच्या तीन नोंदी बोटाने मोजून दाखवत राहिला. दिवाळीनंतर त्यांनी .३१५ डीलरकडे दिली. डीलरने पावती लिहिता लिहिता विचारले, काडतुसे? कपाटात खडकीची अकरा उरली होती. नोंद गेली की तीही ठेवता येत नाहीत, म्हणून काका दुसऱ्या दिवशी ती अकरा रुमालात बांधून पुन्हा गेले.