प्लास्टिकच्या रस्त्यांची पार्श्वभूमी: 2015ची सक्ती आणि मायक्रॉनचा गुंता

टाकाऊ माल डांबरात जिरवण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात 1960च्या दशकात जुन्या टायरांचा चुरा तापलेल्या डांबरात मिसळून रस्ते दुरुस्त होऊ लागले. 1973च्या तेलसंकटानंतर उखडलेला डांबरी थर पुन्हा वापरण्याला वेग आला. आपल्याकडे टायरचुऱ्याच्या डांबरासाठी 2004मध्ये मानक आले. पण आज कचऱ्याचा रस्ता म्हटले की आठवते ते प्लास्टिक.

त्याची सुरुवात मदुराईची. तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘कोरडी पद्धत’ बसवली. खडी 160 ते 170 अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचे दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे टाकायचे, अर्ध्या-एक मिनिटात खडीवर पातळ लेप चढला की मग डांबर सोडायचे. म्हणजे प्लास्टिक चिकटते खडीला. ‘डांबरात प्लास्टिक’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग इथेच थोडा घसरतो. नुसत्या डांबरात पॉलिथिन ढवळले आणि मिश्रण काही वेळ तसेच राहिले, तर ते वेगळे होऊन वर येते. लेपामुळे ही अडचण टळली, पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये सहज शिरेना, आणि खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या नेहमीच्या हॉट मिक्स प्लांटवरच काम भागू लागले.

2002मध्ये चेन्नईची एक गल्ली अशी डांबरी झाली. पुढे इरोड आणि मदुराईतही रस्ते झाले. 2002 ते 2006 या काळातल्या अशा काही रस्त्यांची पाहणी झाली, तेव्हा खड्डे किंवा खडी सुटणे असे दोष आढळले नाहीत. निकाल उत्साह वाढवणारा होताच. तरीही मोजक्या रस्त्यांवरचा, तोही तमिळनाडूतल्या शहरांतला हा अनुभव कोकणातल्या पावसाला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. 2013मध्ये देशपातळीवरची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक हे प्रमाण तेव्हापासून सगळीकडे सांगितले जाते.

आणि मग आला नोव्हेंबर 2015. पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांच्या हद्दीपासून 50 किलोमीटरपर्यंत, राष्ट्रीय महामार्गांच्या ठरावीक मुदतीच्या नूतनीकरणात आणि सेवा रस्त्यांच्या वरच्या थरात टाकाऊ प्लास्टिक हाच पहिला पर्याय धरावा, असे केंद्राने ठरवले. बातम्यांत याची ‘सक्ती’ झाली. प्रत्यक्षात प्लास्टिक मिळत नसेल तर परवानगी घेऊन साधे डांबर वापरायची वाट खुली होती. काहींना ती पळवाट वाटली, काहींना व्यवहार. माझ्या मते खरी चूक दुसरीकडे होती. प्लास्टिक वापरायची जबाबदारी ठेकेदारावर आली, पण प्लास्टिक असते नगरपालिकेच्या कचऱ्यात. 2016च्या प्लास्टिक कचरा नियमांनी स्थानिक संस्थांना काय सांगितले? रस्त्यांसाठी अशा वापराला ‘प्रोत्साहन’ द्यावे. एकाला सक्ती, दुसऱ्याला प्रोत्साहन. मधली जागा रिकामीच राहिली.

त्या मधल्या जागेत कचरावेचक आहेत, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. डांबराला चालणारे प्लास्टिक म्हणजे स्वच्छ, कोरडे, निवडलेले पातळ प्लास्टिक. पाइपांसाठी वापरतात ते पीव्हीसी प्लास्टिक चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. खरकट्याने बरबटलेल्या पातळ पिशव्यांना आणि वेफरच्या पाकिटांना भंगारवाला भाव देत नाही, म्हणून ती वेचलीही जात नाहीत. एकपदरी रस्त्याच्या किलोमीटरला साधारण एक टन प्लास्टिक लागते, हा आकडा भाषणांत हमखास येतो. पण पिशव्या वजनाला किती हलक्या! टनभर माल निवडायला किती हात लागतात आणि त्या हातांना मजुरी कोण देणार, हे त्या आदेशाने ठरवायला हवे होते. अमेरिकेने 1991मध्ये टायरच्या रबराची अशीच सक्ती कायद्याने केली होती. राज्यांच्या विरोधानंतर 1995मध्ये ती मागे घेतली. तो अनुभव समोर असताना आपण वेगळी मांडणी करू शकलो असतो.

नंतरच्या वर्षांत मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजल्या जाणाऱ्या जाडीचा, गुंता वाढला. रस्त्यांसाठीच्या सूचनांत पातळ प्लास्टिक म्हणजे 60 मायक्रॉनपर्यंतचे. इकडे महाराष्ट्रात 26 जुलै 2005च्या मुंबईतल्या पुरात नाले तुंबल्याचा ठपका प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला, 50 मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर निर्बंध आले आणि मार्च 2018मध्ये राज्याने पिशव्यांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. देशपातळीवर पिशवीची किमान जाडी 30 सप्टेंबर 2021पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022पासून 120 मायक्रॉन झाली. म्हणजे कायद्यात बसणारी पिशवी रस्त्याच्या मापापेक्षा दुप्पट जाड, आणि रस्त्याला हवी तशी पातळ पिशवी बेकायदा. बंदी योग्यच आहे, पिशव्या कमी झाल्याच पाहिजेत. मात्र यापुढे रस्त्याला पुरवठा होणार तो वेष्टनांचा: बिस्किटांचे पुडे, वेफरची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या. त्यांत एकावर एक वेगवेगळे थर असतात, काहींत अ‍ॅल्युमिनियमही. हाताने निवडताना सगळ्यांत जास्त वेळ याच मालाला लागतो.