पांढरा, निळा, लाल : अरिताच्या फुलदाणीवरचा क्रौंच

जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यात अरिता नावाचं लहानसं गाव आहे. तिथं चाकावर घडवलेल्या आणि हातानं रंगवलेल्या चिनी मातीच्या फुलदाण्यांवर एक पक्षी पुन्हा पुन्हा भेटतो. अंग पांढरंशुभ्र, मान काळी, डोक्यावर लाल ठिपका. हा तांचो, म्हणजे लाल मुकुटाचा क्रौंच. आपल्याकडे गोंदियाच्या भातखाचरांत दिसणाऱ्या सारसाच्याच कुळातला. फुलदाणी जवळून पाहिली की लक्षात येतं, पक्ष्याचं पांढरं अंग कुणी रंगवलेलंच नाही. चित्रकारानं भोवतीची निळाई भरली, मान आणि पंखांची कडा काढली आणि मधली जागा तशीच सोडली. पक्ष्याचं शरीर म्हणजे खुद्द माती. म्हणून या फुलदाणीची गोष्ट पांढऱ्यापासूनच सुरू करायला हवी.

मातीची भांडी जपानला हजारो वर्षं ठाऊक होती. पण पातळ, टणक, टिचकी मारली की खणखणणारं पांढरं भांडं सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चीन आणि कोरियातूनच यायचं. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. त्या फसल्या, पण परतताना क्यूशूच्या सरदारांनी कोरियन कुंभार कुटुंबंच्या कुटुंबं उचलून आणली. या स्वाऱ्यांना ‘कुंभारांचं युद्ध’ असंही म्हणतात ते त्यामुळेच. सागाचा सरदार नाबेशिमा नाओशिगे यानं आणलेल्यांत यी साम-प्योंग हा कारागीर होता. त्याला १६१६ साली अरिताच्या इझुमियामा डोंगरात पांढरा दगड सापडला, असं परंपरा सांगते. दगड कुटून, धुऊन, मळून त्याची माती करायची आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजायची. श्रेय एकट्याचं नसावं. त्याच सुमारास आसपासच्या इतर भट्ट्यांतही हे काम सुरू झालं होतं. पण अरितानं यी साम-प्योंगलाच आपला मूळ पुरुष मानलं आणि १९१७ साली गावावरच्या टेकडीवर त्याचा स्मृतिस्तंभ उभारला. ह्याकुबासेन नावाच्या एका कोरियन विधवेचंही नाव तिथं आदरानं घेतात. नवरा गेल्यावर शेकडो माणसांचा जथा घेऊन ती अरितात आली होती.

इझुमियामाचा डोंगर आता जवळजवळ उरलेलाच नाही. शतकानुशतकं खणून तिथं मोठा खड्डा झाला आहे, आणि गावातली बहुतेक माती आज कुमामोतो प्रांतातल्या आमाकुसा बेटांवरच्या दगडाची असते. जबरदस्तीनं परमुलखात आणलेल्या माणसांनी एक अख्खा डोंगर भांड्यांत उतरवला, हे मला त्या फुलदाणीच्या सौंदर्यापासून वेगळं काढता येत नाही. १६३७ साली तर सरदारानं ८२६ जपानी कुंभारांना या धंद्यातून बाहेर काढलं. भट्ट्यांच्या सरपणापायी जंगलं उजाड होत होती, हे त्याचं कारण दिलं गेलं. हे काम जाणणारी कोरियन घराणी मात्र राखली गेली.

निळ्याची हकीकत थोडक्यात आटोपते. कोबाल्टचा हा रंग चीनकडून आला. कच्च्या भाजणीनंतर भांड्यावर कुंचल्यानं तो लावतात, वर झिलई चढवतात आणि भट्टीत रंग झिलईखाली कायमचा बंदिस्त होतो. भाजण्याआधी तो मळकट राखाडी दिसतो, त्यामुळे निळा किती गडद उतरेल हे कारागिराला अनुभवानंच जोखावं लागतं.

लाल मात्र त्या प्रचंड आचेत टिकत नाही. तो झिलईवर लावून सुमारे ८०० अंशाला पुन्हा भाजावा लागतो. १६४० च्या दशकात सकाइदा काकिएमोन यानं ही विद्या साध्य केली. नागासाकीतल्या एका चिनी माणसाकडून तिचा सुगावा लागला, असं सांगतात. लाल उठून दिसावा म्हणून या घराण्यानं खास दुधट पांढरी माती बनवली. तिचं नाव निगोशिदे. सागाच्या बोलीत निगोशी म्हणजे तांदळाचं धुवण, आणि रंग अगदी तसाच. अठराव्या शतकात ही कृती विस्मृतीत गेली. घराण्याचा प्रत्येक प्रमुख काकिएमोन हेच नाव घेतो; त्यातल्या बाराव्या आणि तेराव्यानं मिळून १९५३ साली ती पुन्हा उभी केली.

हे सगळं जगभर पोहोचलं ते चीनमधल्या उलथापालथीमुळे. १६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चिनी माल अडला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी अरिताकडे वळली. १६५९ मध्ये तिनं पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. माल जवळच्या इमारी बंदरातून निघायचा, म्हणून युरोपात त्याला ‘इमारी’ म्हणू लागले. याच कंपनीच्या वखारी सुरतेला आणि आपल्या वेंगुर्ल्यालाही होत्या. जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस या भांड्यांपायी इतका वेडावला की त्यानं ड्रेस्डेनमध्ये त्यांच्यासाठी ‘जपानी महाल’ योजला. त्याच्याच मायसेन इथल्या चिनी मातीच्या कारखान्यात काकिएमोनच्या नकला होऊ लागल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. त्या दालनात थोडा वेळ काढून उभं राहावं.

पण क्रौंचच का? ‘क्रौंच हजार वर्षं, कासव दहा हजार वर्षं’ अशी जपानी म्हणच आहे. चिनी कथांतले सिद्धपुरुष याच पक्ष्यावर बसून विहरतात. दीर्घायुष्याचा संकेत तिथूनच आला. जपाननं त्यात जोडीदाराशी एकनिष्ठ राहण्याचा अर्थ मिळवला, म्हणून नवरीच्या लग्नाच्या झग्यावर क्रौंच भरतात. फुलदाणीवर तो अनेकदा पाइन वृक्षाच्या फांदीवर बसलेला असतो. प्रत्यक्षात हा दलदलीत चालणारा पक्षी. त्याच्या पायाला फांदी पकडता येत नाही. पाइनवर घरटं बांधणारा पांढरा बलाक वेगळा, आणि दोघांची फार पूर्वीच गल्लत झाली असावी. पाइनही दीर्घायुष्याचं चिन्ह असल्यानं ती दुरुस्त करावी असं कुणाला वाटलं नाही.

१८७१ मध्ये सरदारी संस्थानं बरखास्त झाली आणि अरिताच्या भट्ट्यांचा राजाश्रय तुटला. १८७५ साली कोरान्शा ही कंपनी उभी राहिली, पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अरिताचा माल झळकला. मोठमोठ्या फुलदाण्या परदेशी दिवाणखान्यांत जाऊ लागल्या. नेमक्या त्याच काळात खरा तांचो संपत चालला होता. शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, राजवटीत त्याची शिकार हा सत्ताधीशांचा राखीव मान होता; १८६८ नंतरच्या मेइजी काळात ते बंधन सुटलं आणि बंदुका सरसावल्या. दलदलीही शेतीखाली गेल्या. पक्षी नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते. १९२४ साली उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या कुशिरो पाणथळीत तो जेमतेम दहा-पंधराच्या संख्येत पुन्हा दिसला. पुढे कडक थंडीत शेतकऱ्यांनी त्याला मका घालायला सुरुवात केली. १९५२ च्या गणतीत ३३ पक्षी मिळाले. आज होक्काइदोत ते हजाराच्या वर आहेत.

तांचोच्या डोक्यावरची लाली पिसांची नसते. तिथं पिसं जवळपास नसतातच, उघडी कातडीच लाल दिसते. फुलदाणीवरून बोट फिरवलं तर निळा कुठंच हाताला लागत नाही, तो झिलईच्या आत आहे. डोक्यावरच्या ठिपक्याशी मात्र बोटाला बारीकसा उंचवटा जाणवतो.