ठणकणाऱ्या दाढेतील मज्जा जिवंत राखताना

कीड खोलवर गेलेली दाढ रात्री आपोआप ठणकू लागली, किंवा गार पाण्याच्या घोटाने उठलेली कळ बराच वेळ ओसरेना, की प्रौढ माणसाला दंतवैद्याकडून एकच उत्तर मिळत असे आणि ते म्हणजे रूट कॅनल. दंतमज्जेचा, म्हणजे दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्या असलेल्या मऊ ऊतीचा, दाह आता बरा होण्यापलीकडे गेला आहे, असे या लक्षणांवरून मानले जाई. म्हणून मुळांच्या टोकापर्यंतची सगळी मज्जा काढून पोकळ्या भरून टाकायच्या, असा दंडक होता. स्टॉकहोमच्या मिओमिर स्वेक यांनी १९७८ मध्ये मुलांच्या अपघातात तुटलेल्या दातांची मज्जा वरवरची काढून उरलेली वाचवल्याचे दाखवून दिले होते, पण तो अनुभव मोठ्यांच्या किडलेल्या, दुखऱ्या दाढांना लागू पडेल असे फारसे कोणी धरले नाही.

या दंडकामागे एक समजूत होती. मज्जा चहूबाजूंनी डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, पोकळीत बंद असते, तिला सुजायला जागा नाही. त्यामुळे एका कोपऱ्यात दाह सुरू झाला की दाब सगळीकडे वाढून मुळाच्या टोकाशी असलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सगळी मज्जा मरते, असे मानत. प्रत्यक्षात दाब दाहाच्या जागेपुरताच वाढतो. रिकुची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ९५ दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा बऱ्या न होणाऱ्या दाहाचे निदान ८४.४ टक्के दातांत खरे ठरले, म्हणजे साधारण सहातल्या एका दाताच्या बाबतीत ते चुकले होते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: निदान बरोबर ठरलेल्या दातांतही जंतू आणि मृत ऊती बहुधा किडीलगतच्या वरच्या मज्जेत होत्या, मुळांतली मज्जा मात्र पुष्कळदा निरोगी होती.

मज्जेच्या अंगी बरे होण्याची ताकद असते, हे तर १९६५ मध्येच अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांच्या प्रयोगात दिसले होते. त्यांनी उंदरांच्या दाढांना मज्जेपर्यंत भोके पाडून ती तशीच उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांची मज्जा सडली. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या जखमेवर, भोकात अन्न अडकत असूनही, नवे डेंटिन धरले. याचा अर्थ असा की मज्जेचा शत्रू जखम नव्हे, जंतू आहेत.

आजच्या पद्धतीत म्हणूनच सगळा भर जंतू बाहेर ठेवण्यावर असतो. भूल देऊन, लाळ आत शिरू नये म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून कीड पूर्ण काढतात आणि मग नव्या निर्जंतुक बरने (दात कोरण्याच्या यंत्राच्या पात्याने), पाण्याच्या फवाऱ्याखाली, मुळांच्या तोंडापर्यंतची वरची मज्जा कापून घेतात. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटे जखमेवर धरून रक्ताकडे लक्ष द्यायचे. रक्त थांबले, तर उरलेली मज्जा बरी होण्याजोगी आहे असे समजतात. ते थांबतच नसेल तर दाह मुळांत उतरलेला असण्याची शक्यता मोठी, आणि मग रूट कॅनलकडे वळावे लागते. दुखण्याविषयी रुग्णाला विचारलेल्या प्रश्नांपेक्षा हे रक्त अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे, असे माझे मत आहे, अर्थात तेही अचूक नाही.

जखम झाकायला पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरत. पण ते हळूहळू विरघळते आणि त्याखाली धरणाऱ्या डेंटिनमध्ये बारीक छिद्रे राहतात. १९९३ पासून कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाच्या महमूद तोराबिनेजाद यांचे एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) पुढे आले, जे मुळात इमारतीच्या पोर्टलँड सिमेंटच्या जातीचे असून एक्स-रेत दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेले असते. ओलाव्यात घट्ट होताना ते अल्कली सोडते, डेंटिनमध्ये साठलेली वाढीची प्रथिने मोकळी करते, आणि त्यांच्या हाकेने मज्जेतल्या मूळपेशी (स्टेम सेल) नवे डेंटिन घडवू लागतात. दाताला काळसर छटा येणे हा त्याचा दोष. नंतर आलेल्या बायोडेंटिन या तशाच सिमेंटमध्ये बिस्मथ नाही आणि ते लवकर घट्ट होते. जॉर्डनमध्ये ताहा आणि खझाली यांनी दाह झालेल्या दाढांची मज्जा अंशतः काढून केलेल्या तुलनेत दोन वर्षांनी एमटीएचे यश ८५ टक्के, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ४३ टक्के होते.

इराणमध्ये असगरी आणि सहकाऱ्यांनी ४०७ रुग्णांवर मज्जा राखण्याच्या उपायाचा थेट रूट कॅनलशी सामना लावला. पाच वर्षांनी मज्जा राखण्याचे यश ७८.१ टक्के, तर रूट कॅनलचे ७५.३ टक्के निघाले. अखेरच्या तपासणीला २७१ जणच आले, तेव्हा मज्जा राखणे सरस ठरले असे म्हणणे घाईचे होईल. कमी कापाकापीचा उपाय उणा पडला नाही, इतकेच यातून म्हणता येते. रूट कॅनल करणाऱ्या तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकन संघटनेने २०२१ मध्ये या मार्गाला मान्यता दिली.

मज्जा मेलेली असेल, हिरडीवर पुवाची पुळी असेल किंवा वर टिकाऊ भरण होण्याइतका दात उरला नसेल, तर हा मार्ग नाही. दुखते म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेण्याचाही उपयोग नाही. अशा दाहाच्या वेदना त्याने कमी होत नाहीत. शिवाय वरची मज्जा गेल्यावर दाताला गारवा जाणवतोच असे नाही, त्यामुळे नंतर बर्फाची चाचणी फारशी कामाची उरत नाही. उपाय फसला असूनही दात गप्प राहू शकतो, म्हणून ठणका थांबला तरी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढेही मुळांच्या टोकांचा एक्स-रे काढून पाहावा लागतो.