गाडीचा हवेचा डबा बदलण्याआधी

एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास अकरा किलो हवा लागते. वजनात पेट्रोल एक भाग असेल तर हवा १४.७ भाग, असं ते प्रमाण. सांगलीच्या उकाड्यात ही अकरा किलो हवा मोजली तर सुमारे दहा हजार लिटर भरेल. पेट्रोल आपण पैसे मोजून भरतो, त्याचे आकडे पंपावर डोळ्यांसमोर फिरतात. हवा फुकट, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. बघतो तो गाडी घेतल्यावर काहीतरी ‘करून घ्यायचं’ म्हणणारा हौशी माणूस.

आणि त्याची सुरुवात बहुधा बॉनेटखालच्या, हवेचा फिल्टर असलेल्या काळ्या डब्यापासूनच होते. काम सोपं दिसतं: कंपनीचा डबा आणि रबरी पाइप काढायचा, त्याजागी चकचकीत पाइप आणि टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर बसवायचा. दहाचा पाना, एक स्क्रूड्रायव्हर, दोन-चार होज क्लिपा, झालं. दुकानात सांगतात, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल. आवाज वाढेल हे सांगावं लागत नाही. यातलं पिकअपचं म्हणणं थोडंफार, कधीकधी खरं. ॲव्हरेजचं जवळजवळ नाही. आवाजाचं मात्र शंभर टक्के.

असं का, ते समजायला फिल्टरच्या पुढे जाऊन थ्रॉटल बघावा लागतो. पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरं तर हवेच्या वाटेतली एक गोल पत्र्याची झडप उघडतो. गावात गाडी चालवताना ती झडप बहुतांश मिटलेलीच असते. हे डोळ्यांनी बघता येतं. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर मॅनिफोल्डचा, म्हणजे थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या पाइपांमधला, दाब उघडा. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना सांगलीत आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसेल. हा बाहेरच्या हवेचा दाब. इंजिन सुरू करून नुसतं उभं ठेवलं की तोच आकडा तिशी-पस्तिशीवर येतो. म्हणजे साठेक किलोपास्कल एकट्या थ्रॉटलने अडवले. स्वच्छ फिल्टर यापुढे अगदीच किरकोळ अडवतो. फिल्टर मोकळा केला तर तेवढ्याच वेगासाठी तुमचा पाय नकळत थ्रॉटल तेवढा कमी उघडतो, आणि हिशेब जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर बसवून आधुनिक पेट्रोल गाड्या तपासल्या, तेव्हा इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही; वेग घेण्यात पडला. चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज घसरत नसेल, तर मोकळ्याने वाढेल कसं?

फरक पडलाच तर पाय पूर्ण दाबलेला असताना, इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर फिरताना. १.२ लिटरचं इंजिन ६००० फेऱ्यांना सेकंदाला साठ लिटरपर्यंत हवा ओढतं. तेव्हा पाइपातलं वळण, फिल्टरचं क्षेत्रफळ यांना अर्थ येतो. पण वाई सोडून पसरणी घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आपण तिथपर्यंत किती वेळा जातो?

घाटाचा विषय निघालाच आहे तर स्कॅनर तसाच चालू ठेवा. साताऱ्यात इंजिन बंद करून आकडा बघितलात तर ९३ च्या जवळ, महाबळेश्वरात ८६ च्या जवळ. सांगलीपासून वर जाईपर्यंत हवेचा दाब नऊ टक्क्यांनी उतरला. वरच्या गारव्याने हवा थोडी दाट होते आणि त्यातलं काही परत मिळतं, पण सगळं नाही. कुठल्याही पाइपाने ही तूट भरून निघत नाही; त्याला हवा दाबून भरणारा टर्बोच लागतो.

आता तापमान. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लोक इथेच फसतात. बॉनेटखालची हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत नऊ टक्के कमी हवा मावते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाणाऱ्या गाडीत ही वाढ सहज होते. उघडा शंकू नेमकी हीच तापलेली हवा ओढतो. कंपनीच्या डब्याचं तोंड मात्र बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या वर किंवा हेडलाइटमागे, बाहेरची हवा मिळेल असं ठेवलेलं असतं. म्हणजे पैसे देऊन आपण गार हवा काढून गरम हवा घेतो! शिवाय हवा फार तापली की इंजिनाचा संगणक नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक, टाळायला ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद आणखी घटते. घ्यायचाच असेल तर बंद डब्याचा आणि बाहेरून हवा घेणारा संच घ्यावा.

आवाजाची गंमत वेगळी. कंपनीच्या पाइपाला चिकटलेली एक रिकामी डबी दिसते, कशाला कळत नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो, तसाच या डबीचाही सूर ठरलेला असतो, आणि त्या सुराची घरघर ती पाइपातच जिरवते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं एकोणिसाव्या शतकातलं हे काम. डबी काढली की घरघर मोकळी होते आणि गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटतं. घड्याळ लावलं की खरं कळतं.

आपल्याकडे याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे धूळ. जत-आटपाडीकडचे रस्ते, खडी-क्रशरची भुकटी, हंगामात कारखान्यांची राख. पाच ते वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सर्वांत वाईट, कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. कण त्यात शिरून पॉलिश पेपरसारखा घासतो. कागदी फिल्टरवर धूळ बसत जाते तसा तो आणखी बारीक गाळू लागतो, म्हणून दर आठवड्याला काढून झटकणं हा निव्वळ उपद्व्याप. धुऊन तेल लावायचे कापडी फिल्टर येतात, त्यांना तेल जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि मापन चुकतं.

पाइपाचं टोक खाली बंपरमागे नेणारे संचही मिळतात. गार हवेसाठी ते चांगले, पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या सांगलीत मी ते सुचवणार नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये घोटभर शिरलं तरी पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे सगळं वाचूनही बसवायचंच असेल, तर इंजिन गार असताना बसवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, जुना पाइप निघाल्याबरोबर थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा आणि इंजिन सुरू करण्याआधी ते काढल्याची खात्री करा. तापमानाचा सेन्सर नव्या पाइपात नीट बसला पाहिजे, ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या पाइपात आणणारी, बारीक नळी जोडली गेली पाहिजे. पाइप बॉनेटला, पंख्याला किंवा वायरिंगला घासता कामा नये. जुने भाग जपून ठेवा, कारण वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे.

क्लिपा शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, गरम-गार होऊन रबर बसतं. सांधा ढिला राहिला तर हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा तरी लागतो. हवेऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत काहीच कळत नाही, धूळ निमूटपणे आत जात राहते. म्हणून महिन्याभराने पाइप उघडून फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्याला धूळ लागली, तर कंपनीचा डबा त्याच दिवशी परत चढवा.