ओपन-वेब स्टील जॉइस्ट : ऑर्डर देण्यापूर्वी ड्रॉइंगमध्ये काय ठरलेलं हवं

ओपन-वेब जॉइस्ट म्हणजे वर-खाली अँगलचे दोन आडवे कॉर्ड आणि मधे तिरप्या दांड्या असलेली, स्लॅब पेलणारी जाळीदार तुळई. शोरूम, ऑफिस, गोदामाचा पोटमाळा अशा कामांत ९ मीटरच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) आयएसएमबी ३५० (३५० मिमी खोलीचा आय-आकाराचा भरीव बीम) घातला, तर मीटरला ५२.४ किलो लोखंड जातं. तेवढ्याच गाळ्यासाठी, १.२ मीटर अंतरावर बसणारा ४५० मिमी खोलीचा जॉइस्ट मीटरला साधारण ३०-३२ किलोत होतो. ही बचत अशीच होत नाही. जॉइस्टमधला प्रत्येक अँगल तुम्ही दिलेल्या लोडसाठीच निवडलेला असतो, त्यामुळे कारखान्यातून निघाल्यावर त्यात फेरफार करायला जागा उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ लेव्हलचा होतो. जॉइस्ट बीमच्या डोक्यावर बसतो आणि त्याची बैठक (टोकाचा टेकणारा भाग) साधारण ६५ मिमी उंच असते. म्हणजे मुख्य बीमचा माथा डेक शीटच्या (स्लॅबखालच्या पन्हळी पत्र्याच्या) तळापासून ६५ मिमी खाली हवा. मॉडेलमध्ये बीम आणि जॉइस्टचे माथे एकाच लेव्हलला दाखवले, तर कॉलमच्या कॅप प्लेटपासून जिन्याच्या लँडिंगपर्यंत सगळं चुकतं, आणि ते कळतं क्रेन उभी राहिल्यावर. बैठक स्टीलवर किमान ६५ मिमी आणि विटांच्या भिंतीवर किमान १०० मिमी टेकली पाहिजे.

मॉडेलमध्ये जॉइस्ट भरीव पट्टीसारखा दाखवू नका. तसं केलं की एसीवाला डक्ट खालून नेतो आणि फॉल्स सीलिंग विनाकारण खाली येतं. नुसती रेघ मारली तर उलटं होतं : डक्ट तिरप्या दांड्यांतून आरपार जातो आणि साइटवर कोणीतरी गॅस कटर काढतो. एक दांडी कापली तरी तो जॉइस्ट निकामी समजा. म्हणून दांड्या खऱ्या जागी दाखवा. ४५० मिमी जॉइस्टमधून २०० मिमी व्यासाचा गोल डक्ट सहसा जातो. ३०० × ३०० चा चौकोनी जात नाही, कारण मोकळी जागा त्रिकोणी असते.

टांगायचं वजन पॅनेल पॉइंटवरच घ्या, म्हणजे दांड्या कॉर्डला मिळतात तिथे. दोन पॉइंटच्या मध्ये एएचयू (एसीचं हवा फेकणारं यंत्र) किंवा स्प्रिंक्लरचा मोठा पाइप लटकवला की खालचा कॉर्ड वाकतो. जागा बदलताच येत नसेल तर आधी सांगा, जॉइस्ट बनवतानाच आम्ही तिथे जादा दांडी घालतो.

ओल्या काँक्रीटने ९ मीटरचा जॉइस्ट मध्यभागी १२-१३ मिमी खाली वाकतो, म्हणून तेवढा कॅम्बर (आधीच दिलेला वरचा बाक) देऊन पाठवतो. कॅम्बर नसेल आणि मिस्त्रीने वरून सपाट लेव्हल धरली, तर खळग्यात काँक्रीट भरलं जातं आणि चौरस मीटरला सरासरी २० किलो जादा वजन कायमचं बसतं.

उभारणीत एक नियम मोडू नका : ब्रिजिंग (जॉइस्ट एकमेकांना बांधणारे अँगल) पूर्ण बसल्याशिवाय जॉइस्टवर डेक शीटचा गठ्ठा ठेवायचा नाही आणि त्यावर माणूस चढवायचा नाही. ब्रिजिंग नसताना जॉइस्ट आडव्या दिशेने अगदी लवचिक असतो आणि क्षणात पालथा होतो. गठ्ठा बांधलेल्या ब्रिजिंगच्या जवळ, आधाराच्या टोकाकडे उतरवा.

बारीक अँगल आगीत लवकर तापतात. फायर रेटिंग लागणार असेल तर आगरोधक फवारणीच्या थराची जाडी धरूनच डक्टची जागा मोजा.

चौकशीसोबत गाळ्याचा नकाशा, जॉइस्टमधलं अंतर, मृत भार (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि चल भार (माणसं, सामान) वेगवेगळे, टांगायच्या यंत्रांची वजनं जागेसकट, आणि स्लॅबमधली भोकं पाठवा. चल भार तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. ऑफिसमध्ये फायलींची रॅकं येणार असतील तर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन पुरत नाही, ४ धरावा लागतो.