घरावर सोलर बसवताय? आधी वर्षभराची वीजबिलं काढा

छतावर सोलर घ्यायचं ठरलं की पहिला फोन एजन्सीला जातो. एजन्सीवाला छत बघतो आणि 'तीन किलोवॅट आरामात बसेल' सांगून जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याआधी घरातली गेल्या बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडा. किती किलोवॅट घ्यायचं आणि अर्ज कोणाच्या नावाने होणार, दोन्ही तिथेच कळतं.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यात गेलं की सगळ्याच युनिटना चढा दर लागतो असा समज आहे, तो चुकीचा. पहिली 100 युनिट सगळ्यांना स्वस्तच पडतात, चढा दर फक्त पुढच्या युनिटना. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतंच. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम, तर सोलरनंतरही भरावा लागतो, त्यामुळे 'बिल शून्य' हा शब्द जपून ऐका.

आता हिशोब. एक किलोवॅट पॅनेलमधून महिन्याला सरासरी 120 युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. समजा घराचा वापर 350 युनिट आहे. पहिल्या किलोवॅटने तो 230 वर येतो, म्हणजे सगळ्यात महाग 50 युनिट आणि मधल्या टप्प्यातली 70 वाचली. दुसऱ्याने 110. तिसरा किलोवॅट मात्र बहुतेक स्वस्त टप्प्यातलीच युनिट वाचवतो. सरकारी अनुदानही तसंच उतरतं: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि त्यापुढे कितीही मोठा संच घेतला तरी एकूण 78,000 च्या वर काही नाही. म्हणून अशा घराला मी दोन किलोवॅट सुचवेन. येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तरच तीन. जागा किलोवॅटमागे साधारण 100 चौरस फूट लागते, तीही सावली नसलेली.

हे अनुदान केंद्राच्या 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजने'चं. योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पात्रता सोपी आहे: अर्जदार भारतीय नागरिक, घर आणि छत त्याच्या हक्काचं, चालू घरगुती वीजजोडणी, आणि सोलरचं अनुदान आधी घेतलेलं नसावं. सोसायटीला सामाईक वापरासाठी वेगळा दर आहे, किलोवॅटला 18,000.

कागदपत्रांत खरी अडचण नावाची. घर वडिलांनी बांधलेलं, बिल अजून आजोबांच्या नावावर, बँक खातं मुलाचं: अशी घरं गावोगावी आहेत, आणि अर्ज नेमका इथे अडतो. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं. तेव्हा आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मग सोलरचं बघा. बाकी आधार, ताजं वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा मालकीचा दुसरा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश एवढं तयार ठेवा.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो. राज्य, वितरण कंपनी आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची. इथे मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. एजन्सीने आपला नंबर टाकला तर ओटीपीसाठी शेवटपर्यंत तिच्या मागे फिरावं लागतं. 10 किलोवॅटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला तांत्रिक तपासणीविना मंजुरी मिळते, आणि मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) कमी असेल तर तो वाढवून द्यायची जबाबदारी कंपनीची.

त्यानंतर पोर्टलवर नोंदलेल्याच विक्रेत्याशी करार करा. करारात दोन गोष्टी नीट वाचा: पॅनेल 'डीसीआर', म्हणजे देशात बनलेल्या सेलचं आहे ना, आणि पाच वर्षांची देखभाल लिहिलेली आहे ना. डीसीआर नसेल तर अनुदान नाही. पैसे कमी पडत असतील तर 3 किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, अर्ज जनसमर्थ पोर्टलवर. एक गोष्ट एजन्सी स्वतःहून क्वचितच सांगते: बॅटरीविना बसवलेला संच लाइट गेली की बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो तसाच बनवलेला असतो.

संच बसला की त्याचा तपशील आणि फोटो पोर्टलवर चढतात, नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज होतो, वितरण कंपनीचा माणूस तपासणी करून मीटर लावतो आणि कार्यान्वित झाल्याचा दाखला निघतो. मग खात्याचा तपशील भरायचा. योजनेच्या नियमानुसार अनुदान त्यानंतर 30 दिवसांत थेट खात्यात येतं.

नेट मीटरनंतरचं पहिलं बिल हातात आलं की आयात (कंपनीकडून घेतलेल्या) आणि निर्यात (कंपनीला दिलेल्या) युनिटचे आकडे मीटरवरच्या रीडिंगशी जुळवून बघा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या. जास्तीची युनिट पुढच्या बिलात वळती होतात, पण 31 मार्चपर्यंतच. त्यानंतर उरलेल्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज घेतो त्याहून बराच कमी असतो.