नाव नोंदवण्याआधीचे तीन महिने

बाळ चार किलोचं झालं की पेढे वाटताना आधी वजन सांगितलं जातं. आईने नऊ महिने छान खाल्लं, असाच त्याचा अर्थ घरात लावतात. आईची साखर वाढलेली असेल तर ते वजन वेगळ्याच वाटेने आलेलं असतं. ही वाट समजली की लठ्ठपणा रोखायला गरोदरपणाच्या आधीपासून का लागावं, तेही कळतं.

आईच्या रक्तातली साखर वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, बाळाकडे जाते. आईकडे जास्त आणि बाळाकडे कमी, एवढ्या फरकावर ती वाहते. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते. आईचं इन्शुलिन मात्र वार ओलांडत नाही. म्हणजे साखर आईची, पण ती हाताळायचं इन्शुलिन बाळाने स्वतः बनवायचं. पहिली तिमाही संपतासंपता बाळाचं स्वादुपिंड ते बनवू लागतं, आणि साखर जास्त आली की जास्त बनवतं. मोठ्या माणसात इन्शुलिनचं मुख्य काम रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्याचं. गर्भात ते वाढीचाही हुकूम देतं. चरबी साठते ती मुख्यतः खांद्यांवर आणि पोटावर. डोकं त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून प्रसूतीत डोकं बाहेर येऊन खांदा अडकू शकतो. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर बंद होते, पण बाळाच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक उतरू शकते. टाचेला टोचून ती पुन्हापुन्हा तपासतात ते याचसाठी.

कोपनहेगनचे डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी ही मांडणी १९५०च्या दशकात केली. पुढे नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गर्भवतींची साखर तपासणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. 'इथपर्यंत सुरक्षित, इथून पुढे धोका' अशी रेघ त्यात सापडलीच नाही. आईची साखर चढत गेली तसं बाळाचं वजन आणि नाळेच्या रक्तातली इन्शुलिनची खूण चढत गेली, मधुमेह म्हणावा इतकी साखर नसतानाही.

गरोदरपणाच्या मध्यापासून वारेतली संप्रेरकं आईच्या इन्शुलिनचा जोर मुद्दाम कमी करतात, म्हणजे बाळाला साखर पुरते. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून हे भरून काढतं. वजन आधीच जास्त असेल, तर स्वादुपिंड आधीपासूनच ओढाताणीत असतं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन मोठ्या चाचण्यांत जास्त वजनाच्या गर्भवतींना आहार-व्यायामाचा सल्ला दिला गेला, पण गरोदरपण सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर. मधुमेहाचं प्रमाण घटलं नाही. तोवर वार घडलेली असते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र २००६ पासून वेगळा प्रयोग झाला. मुंबईतले संशोधक आणि इंग्लंडमधलं साउथहॅम्प्टन विद्यापीठ यांनी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा अशा कमी पोषक भाज्या. सगळ्या बाळांचं मिळून पाहिलं तर सरासरी वजनात ठळक फरक पडला नाही, आणि सर्वांत बारीक स्त्रियांना बाळाच्या वजनाचा फायदा दिसला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ज्या सुमारे हजार जणींची साखर तपासली, त्यांत पोषक खाऊ खाणाऱ्यांपैकी ७.३ टक्के स्त्रियांना गरोदरपणातला मधुमेह झाला. दुसऱ्या गटात १२.४ टक्के. कुठलंही महागडं चूर्ण नाही, बाजारात मिळणारी भाजी. आता भारत, चीन, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका मिळून गर्भधारणेपूर्वीपासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंतचा अभ्यास करत आहेत. त्यातलं आपलं केंद्र म्हैसूरला आहे.

घरात काय करायचं? आधी बीएमआय काढा, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १५२ सेंटीमीटर आणि वजन ५८ किलो असेल तर तो २५ येतो, आणि भारतीय निकषांत २५ म्हणजे लठ्ठपणाची सुरुवात. २३ पासूनच सावध व्हायचं. वजन गर्भधारणेआधीचं धरा. पाचव्या महिन्यात दवाखान्यात नाव नोंदवून त्या दिवशीच्या वजनावर हिशोब केला तर तो चुकतो. २५ ते ३० बीएमआय असेल तर नऊ महिन्यांत ७ ते ११.५ किलो वाढ पुरते, त्यातली पहिल्या तीन महिन्यांत जेमतेम अर्धा ते दोन किलो. 'दोघांचं खा' या सल्ल्यात बसत नाही इतकं हे कमी आहे. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात: दोन पोळ्या, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही. तूप खाल्लं की बाळंतपणाची वाट मऊ होते, हा समज सोडून द्या. तूप आतड्यात पचतं, गर्भाशयाच्या वाटेला ते जातच नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे १३० कॅलरी मात्र येतात.

साखरेची तपासणी नाव नोंदवतानाच करून घ्या, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत संपवायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीचा आकडा ग्राह्य नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायचं.

बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू सुरू होतात, पोट बांधलं जातं. बांधल्याने आधार वाटतो, चरबी जळत नाही. या महिन्यांत न उतरलेलं वजन हेच पुढच्या खेपेचं सुरुवातीचं वजन. मधुमेह झालेला असेल तर सहाव्या आठवड्यात साखर पुन्हा तपासायची असते, आणि हीच तपासणी सर्वाधिक राहून जाते, कारण तोवर घरातलं सगळं लक्ष बाळाकडे वळलेलं असतं. बाळाची पेंटाव्हॅलेंटची, म्हणजे पाच आजारांवरची, पहिली लसही सहाव्या आठवड्यातच असते. त्या दिवशी आईने उपाशीपोटी निघावं, बाळाला पाजून, पाण्याची बाटली आणि तपासणीनंतर खायला डबा बरोबर घेऊन.